स्टोनहेंजचा ‘फोटो स्टॉप’ करणाऱ्या टूर कंपन्यांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या समस्त टूर कंपन्यांना, आणि त्याहून जास्त त्यांच्या टूर मॅनेजर मंडळींना,

स.न.वि.वि.

तुमच्या यूके टूरच्या आयटिनररीत एक ओळ असते, कंपनी कुठलीही असो साधारण अशीच असते. ‘सकाळी नाश्ता करून स्टोनहेंजकडे प्रस्थान. जगप्रसिद्ध प्रागैतिहासिक दगडी वर्तुळ पाहून बाथ शहराची ओरिएंटेशन टूर, संध्याकाळी कार्डिफला आगमन, इंडियन डिनर.’ हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे. डिनरबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

मी राहते विल्टशायरमध्ये, म्हणजे स्टोनहेंज आहे त्याच काउंटीत. त्यामुळे एप्रिल ते जून कुणाची ना कुणाची मावशी, आत्या, चुलतसासूबाई, सोसायटीतल्या शेजारणीचे सासरे असं कुणीतरी तुमच्या टूरमधून इकडे येतंच आणि टूर सोडून घरी येता येत नाही म्हणून मग निरोप येतो, की अगं तू तिथेच ये ना भेटायला, त्या दगडांपाशी. मग मी डबा भरते आणि जाते. स्टोनहेंज सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेची मी मेंबर आहे त्यामुळे तिकिटाचा प्रश्न येत नाही. सांगायचा मुद्दा हा की तुमचे कोच येतात कसे, माणसं उतरतात कशी आणि परत कशी चढतात हे मी पार्किंगमध्ये उभं राहून बरंच बघितलंय, आणि मला हे मनापासून सांगायचंय की तुम्ही पैसे घेऊन माणसांना स्टोनहेंजपर्यंत आणता पण स्टोनहेंज दाखवत नाही.

हिशोब बघा. कोच थांबला की चाळीसेक माणसं उतरतात, निम्म्याहून जास्त साठीच्या पुढची, लंडनहून निघून दोन-सव्वादोन तास झालेले असतात त्यामुळे पहिली धाव वॉशरूमकडे, ते बरोबरच आहे, त्यात वीस मिनिटं गेली. मग टूर मॅनेजर तिकिटं वाटतो, हेडकाउंट करतो, कुणीतरी जॅकेट आणायला परत कोचमध्ये गेलेलं असतं. आता गंमत अशी की दगड तिथे नाहीतच. दगड तिथून दोन किलोमीटरवर आहेत. २०१३ साली व्हिजिटर सेंटर मुद्दाम लांब बांधलं, दगडांना अगदी खेटून जाणारा जुना रस्ता बंद करून तिथे गवत लावलं, म्हणजे दगडांच्या आजूबाजूला गाड्या आणि दुकानं नकोत. म्हणून शटल बस. शटलची लाइन, मग बस, मग उतरणं. तुम्ही दिलेल्या दीड तासातला परतीच्या शटलचा आणि गिफ्ट शॉपमधल्या फ्रिज मॅग्नेटचा वेळ काढला की प्रत्यक्ष दगडांपाशी उरतात वीस-पंचवीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत पहिली मोकळी जागा दिसेल तिथे जोडीचे फोटो, मग ग्रुपचा फोटो, मग कंपनीच्या बॅनरसकट ग्रुपचा फोटो, आणि वर तिथला वारा. सॉल्सबरीच्या माळावर वारा काय असतो हे पत्रकात लिहायला हवं खरं तर. झालं स्टोनहेंज. चला चला, बाथला उशीर होतोय.

अशाच एका टूरमधून माझी मावशी आणि काका आले होते. कंपनीचं नाव मी घेणार नाही, कारण दुसरी कुठली असती तरी हेच झालं असतं. मावशी कोचपाशी येऊन मला म्हणाली, ‘अगं एवढ्यासाठी आणलं होय? दगडच तर आहेत.’ आणि तिचं काही चुकलं नाही. तिला जे दाखवलं ते दगडच होते. पण हे वाक्य मग पुण्याला जातं, भिशीत जातं, नाट्यगृहाच्या मध्यंतरात जातं, आणि पुढच्या वर्षी बुकिंग करणारे तुम्हालाच विचारतात की ते दगडांचं वगळून शॉपिंगला जास्त वेळ देता येईल का, आणि तुम्ही म्हणता बघा, लोकांनाच इंटरेस्ट नाही.

लोकांना इंटरेस्ट आहे हो. काकांचंच घ्या. काका पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, सगळं आयुष्य धरणं, दरवाजे, क्रेन आणि सिमेंटच्या गोणींत गेलेलं. त्यांनी दगडांपाशी उभं राहून टूर मॅनेजरला एकच प्रश्न विचारला, ‘हे वरचे आडवे दगड चढवले कसे?’ या जागेबद्दलचा याहून चांगला प्रश्न नसेल. मिळालेलं उत्तर असं, ‘काका, ते अजून रहस्य आहे, काही लोक म्हणतात एलियन्सनी ठेवले.’ काकांचा चेहरा मी बघितला नाही पण पार्किंगमध्ये येऊन ते जे बोलले त्यावरून कल्पना आली. तो टूर मॅनेजर बिचारा पंचविशीतला हसतमुख पोरगा, सकाळपासून कुणाची बीपीची गोळी तर कुणाचा जैन नाश्ता बघत होता, त्याच्यावर माझा राग नाही, पण त्याला कोणी दोन पानांची माहितीसुद्धा दिली नव्हती आणि ती द्यायचं काम तुमचं.

तर ती मी देते. कॉपीराइट नाही, कोचमध्ये माइकवर खुशाल वाचा. लंडन ते स्टोनहेंज दोन तास आहेत, त्यात अंताक्षरी अर्धा तास कमी करा.

पहिली गोष्ट, ही जागा एका झटक्यात बांधलेली नाही. साधारण इसवी सनापूर्वी ३००० च्या सुमाराला आधी नुसता गोल खंदक आणि मातीचा बांध घातला, आत छप्पन्न खड्डे, आणि लोक तिथे मृतांच्या जळालेल्या अस्थी पुरत होते. म्हणजे सुरुवात स्मशानापासून आहे. आपण फोटोत बघतो ते मोठे दगड त्यानंतर पाचशे वर्षांनी, इसवी सनापूर्वी २५०० च्या आसपास उभे राहिले. तेव्हा आपल्याकडे मोहेंजोदडो आणि धोलावीरा भरात होतं, भाजक्या विटा, गटारं, वजनं-मापं सगळं होतं, आणि स्टोनहेंज बांधणाऱ्यांकडे ना चाकाची गाडी होती ना लोखंड. हे सांगितलं की आपल्या लोकांना लगेच ‘आपण पुढे होतो’ असं होतं, होऊ द्या, पण मग पुढचं वाक्य सांगा, की अशा माणसांनी वीस-पंचवीस टनांचे दगड पंचवीस किलोमीटरवरून ओढत आणले.

हे मोठे दगड सार्सन जातीचे, एक प्रकारचा अतिशय कडक वालुकाश्म. ते नेमके कुठून आले हे २०२० पर्यंत पक्कं माहीत नव्हतं, आणि ते कळलं कसं ही गोष्ट तर तुमच्या माइकसाठीच घडलीय. १९५८ मध्ये इथल्या पडलेल्या दगडांची दुरुस्ती चालू होती. एका दगडाला तडा गेलेला होता, त्याला आतून धातूच्या सळ्या घालून सांधायचं होतं, म्हणून त्यात आरपार भोकं पाडली आणि त्यातून दगडाच्या लांब कांड्या निघाल्या. ड्रिलिंगच्या कंपनीतले रॉबर्ट फिलिप्स यांनी त्यातली एक कांडी आठवण म्हणून ठेवली, ती ऑफिसात लावली, पुढे अमेरिकेला गेले तेव्हा सोबत नेली, आणि नव्वदीला टेकल्यावर त्यांना वाटलं की ही परत द्यावी. २०१८ मध्ये ती परत आली. आता उभ्या दगडाचा तुकडा पाडून तपासायला आज कोण देणार, पण ही कांडी आयती होती. तिचं रासायनिक पृथक्करण केलं, आजूबाजूच्या जागांशी ताडून बघितलं आणि उत्तर निघालं, मार्लबरोजवळचं वेस्ट वुड्स नावाचं जंगल. एका माणसाने साठ वर्षं सांभाळलेल्या सूव्हेनिरमुळे!

मधले लहान दगड, ब्लूस्टोन म्हणतात ते, वेल्समधल्या प्रिसेली टेकड्यांतून आले, अंतर दोनशे किलोमीटरपेक्षा जास्त. लहान म्हणजे दोन ते पाच टन. आणि मधोमध आडवा पडलेला एक दगड आहे, त्याला अल्टर स्टोन म्हणतात, सहा टनांचा, त्याच्याबद्दल शंभर वर्षं सगळे समजून चालले होते की तोही वेल्सचाच, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात पेपर आला की तो उत्तर-पूर्व स्कॉटलंडचा आहे. साडेसातशे किलोमीटर! नागपूरहून मुंबईला सहा टनांचा दगड आणायचा, रस्ते नाहीत, गाडी नाही, आणि तिथे पोचल्यावर नुसता मध्ये ठेवायचा. समुद्रातून आणला की जमिनीवरून यावर अजून भांडणं चालू आहेत. तुमच्या टूरमध्ये एडिनबरा आणि स्टोनहेंज दोन्ही असतं ना? मग हा धागा तुमच्या हातात आयता आहे आणि तुम्ही तो सोडून देता.

आता काकांचा प्रश्न. उभे दगड बसवण्यासाठी आधी खड्डा खणायचा, त्याची एक बाजू उतरती ठेवायची, दगड त्या उतारावरून पायाकडून खड्ड्यात सरकवायचा, मग दोर आणि लाकडी चौकटींनी ओढून ताठ करायचा आणि बुडाशी दगड-माती ठासून भरायची. खणायला काय, तर हरणांची शिंगं. ती खंदकात सापडलीत. वरचे आडवे दगड बहुतेक लाकडाचे थर रचत रचत, थोडं उचलायचं, खाली ओंडका सरकवायचा, परत उचलायचं, असे चढवले असावेत. आणि ते नुसते ठेवलेले नाहीत. उभ्या दगडाच्या डोक्यावर खुंटी ठेवलीय आणि आडव्या दगडाच्या पोटात खाच कोरलीय, सुतारकामातला सांधा दगडात उतरवलाय. सगळ्यात उंच जो दगड आहे, जमिनीवर साडेसहा मीटरहून जास्त, त्याचा जोडीदार पडलाय आणि वरचा दगडही पडलाय, त्यामुळे त्याच्या माथ्यावरची ती खुंटी खालून उघड दिसते. कोचमधून उतरतानाच सांगून ठेवा, ‘सगळ्यात उंच दगडाच्या डोक्यावर टेंगूळ आहे ते शोधा.’ बघा चाळीस माणसं कशी मान वर करून फिरतात. काका तर तिथून हलले नसते.

बाहेरच्या वर्तुळातले आडवे दगड शेजारच्या दगडात अडकवलेत आणि वर्तुळाच्या गोलाईप्रमाणे त्यांना बाकही दिलाय. दगडांवर कुऱ्हाडी आणि खंजीर कोरलेत ते लेझर स्कॅनमध्ये शंभरावर निघाले, पण ते लांबून दिसत नाहीत त्यामुळे त्याचं सोडा.

एलियन प्रकरण मात्र खरंच बंद करा. त्याऐवजी जुनी लोककथा सांगा, ती आपल्या माणसांना जवळची वाटेल. बाराव्या शतकात इथे लिहून ठेवलंय की मर्लिन जादूगाराने हे दगड आयर्लंडहून उचलून आणले. आपल्याकडे कुठलंही हेमाडपंती देऊळ, कुठलीही लेणी दाखवा, गावकरी काय सांगतो? पांडवांनी एका रात्रीत बांधलं. सेम केस. आणि ड्रुइड पुजाऱ्यांचंही सांगू नका, ते ड्रुइड स्टोनहेंजनंतर दोन हजारांवर वर्षांनी आले, त्यांचा आणि याचा संबंध सतराव्या-अठराव्या शतकातल्या हौशी अभ्यासकांनी जोडून दिला. अजून एक, व्हॉट्सअ‍ॅपवर क्रेनने दगड उभे करतानाचा फोटो फिरतो, ‘बघा स्टोनहेंज खोटं आहे, १९५० नंतर बांधलं’. कोचमध्ये कुणीतरी तो दाखवतोच. फोटो खरा आहे, अर्थ खोटा आहे. १९०१ पासून १९६४ पर्यंत वेगवेगळ्या वेळी पडलेले, कललेले काही दगड त्यांच्याच जागी पुन्हा उभे केले, काहींच्या पायात काँक्रीट घातलं. जे आहे ते सांगून टाकावं, लोकांना ते जास्त आवडतं.

सूर्याचंही असंच. ‘सूर्याशी कनेक्शन आहे’ एवढं सांगून तुम्ही पुढे जाता. अहो, कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव तुमच्या कोचमधल्या निम्म्या लोकांनी बघितलाय किंवा टीव्हीवर तरी पाहिलाय, त्यांना उजेडाची वाट आखून बांधकाम करणं काय असतं ते वेगळं शिकवायला नको. इथे एक अक्ष आहे, त्याच्या एका टोकाला २१ जूनच्या आसपासचा सूर्योदय आणि नेमक्या उलट्या टोकाला २१ डिसेंबरच्या आसपासचा सूर्यास्त. हीलस्टोन नावाचा ओबडधोबड दगड वर्तुळाबाहेर एकटा उभा आहे, तो त्या सूर्योदयाच्या दिशेला. आणि अभ्यासकांना आता जास्त करून वाटतं की त्या लोकांसाठी खरा सण हिवाळ्यातला होता. जवळच डरिंग्टन वॉल्स म्हणून जागा आहे, तिथे त्या काळातली घरं सापडली आणि डुकरांच्या हाडांचे ढीग, दातांवरून कळतं की साधारण नऊ महिन्यांची जनावरं, म्हणजे वसंतात जन्मलेली आणि ऐन थंडीत कापलेली. हाडांच्या तपासणीत असंही निघालं की काही जनावरं पार स्कॉटलंडसारख्या लांबच्या भागातून आणलेली होती. म्हणजे जत्राच ती. शाकाहारी ग्रुप असेल तर हाडांचा भाग थोडक्यात आवरा.

आता तुम्ही म्हणाल ताई हे सगळं ठीक आहे पण वेळ कुठून आणायचा, सहाला उठणं, सातला नाश्ता, आठला कोच असं सहा-सात-आठ पाळून आमची माणसं आधीच दमलेली असतात, ड्रायव्हरला साडेचार तासांच्या ड्रायव्हिंगनंतर पाऊण तासाचा ब्रेक द्यावाच लागतो, हॉटेल कार्डिफला बुक आहे. मान्य. पण मग कार्डिफला बुक का आहे? त्या दिवशी कार्डिफमध्ये तुम्ही बघता काय, तर रात्री नऊ वाजता कोचच्या खिडकीतून स्टेडियम. मुक्काम बाथ-ब्रिस्टॉलच्या बाजूला किंवा स्विंडनला करा. स्विंडन दिसायला काही खास नाही हे मीच सांगते, पण हॉटेलं आहेत, देशी रेस्टॉरंट्स आहेत, मोटरवे लागून आहे. इंग्लिश हेरिटेजवालेसुद्धा कमीत कमी दोन तास ठेवा असं सांगतात, ग्रुपला तीन लागतील. व्हिजिटर सेंटरमध्ये छोटं म्युझियम आहे, साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या सांगाड्यावरून बनवलेला त्याचा चेहरा आहे, बाहेर त्या काळातल्यासारखी गवती छपराची घरं बांधून ठेवलीत, ओंडक्यांवर ठेवलेला भला मोठा दगड आहे ज्याला दोर लावून ओढून बघता येतं. माझ्या मते सीनियर सिटिझन्सना यात दगडांपेक्षाही जास्त मजा येते, आणि तुमचा ग्रुप या सगळ्याच्या शेजारून वॉशरूमला जाऊन परत येतो.

आणि ज्यांचे गुडघे बरे आहेत त्यांना शटलने नेऊच नका, निदान एका बाजूने चालत न्या. अर्धा तास लागतो, सपाट गवताळ वाट आहे, बाजूला कर्सस नावाची जवळपास तीन किलोमीटर लांबीची चर लागते, स्टोनहेंजच्याही आधीची, कशासाठी खणली कुणालाच माहीत नाही. माळावर सगळीकडे मातीचे उंचवटे दिसतात, त्या कांस्ययुगातल्या कबरी आहेत, शेकड्याने. मेंढ्या चरत असतात. अधूनमधून लांबून धडाम आवाज येतो तेव्हा घाबरायचं नाही, शेजारी लष्कराचा सरावाचा भाग आहे, तोफा चालतात. असं चालत गेलं की दगड आधी लहान दिसतात, नखाएवढे, मग हळूहळू वाढतात, आणि मग कळतं की ही जागा एकटी नव्हती, आख्खा माळच त्या लोकांनी वापरला होता. शटलमधून उतरल्यावर हे कळायची सोयच नाही, तिथे एकदम दगड समोर आणि मागे ए ३०३ चा ट्रॅफिक. त्या रस्त्यासाठी बोगदा करायचा म्हणून वर्षानुवर्षं वाद झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०२४ मध्ये नव्या सरकारने पैसे नाहीत म्हणून प्रोजेक्टच रद्द केला, त्यामुळे ट्रक दिसत राहणार, त्याला इलाज नाही.

दगडांभोवती दोर लावलाय, त्याच्या बाहेरूनच का बघायचं यावरही लोक चिडतात, ‘एवढं तिकीट आणि हात लावू देत नाहीत’. सांगा की पूर्वी लोक हातोडी-छिन्नी घेऊन यायचे आणि तुकडा फोडून न्यायचे, नावं कोरायचे, ती नावं अजून दगडांवर आहेत. आपल्या किल्ल्यांवर बाण मारलेला बदाम असतो तसलाच प्रकार, फक्त दोन-तीनशे वर्षं जुना. १९७७-७८ पासून आत जाणं बंद केलं. तरी आत जायचं असेल तर सकाळी उघडण्याआधी किंवा संध्याकाळी बंद झाल्यावर मोजक्या लोकांना वेगळ्या तिकिटावर सोडतात, आधी बुक करावं लागतं, स्पर्श तेव्हाही करायचा नाही. तुमच्या ‘लक्झरी’ टूरमध्ये हे घाला की. पंचतारांकित हॉटेलातली ती रात्र कुणाच्या लक्षात राहत नाही, ही तासभराची सकाळ राहील. आणि जूनमधल्या त्या पहाटे तर तिकीटसुद्धा नसतं, आदल्या संध्याकाळपासून सगळ्यांना आत सोडतात, हजारो लोक येतात, ढोल वाजतात, पावणेपाचच्या पुढे सूर्य उगवतो, ढग नसले तर. दारू नेता येत नाही, त्यामुळे आपल्या मंडळींना काळजी नको. एक तरी स्पेशल डिपार्चर काढून बघा, तरुण पोरं बुक करतील.

पण मला विचाराल तर खरी गोष्ट तुम्ही तिकडे नेतच नाही ती आहे. एव्हबरी. स्टोनहेंजपासून पाऊण-एक तासावर, बाथला जाताना थोडी वाट वाकडी केली की लागतं. जगातलं सगळ्यात मोठं दगडी वर्तुळ, एवढं मोठं की त्याच्या आत गाव वसलंय, पब आहे आणि मधून डांबरी रस्ता जातो, दगडांच्या सावलीत मेंढ्या बसलेल्या असतात. तिकीट नाही, दोर नाही, वाटेल तेवढा हात लावा, टेकून उभे राहा, पार्किंगचे पैसे द्यायचे फक्त. इथले दगड तासलेले नाहीत, जसे मिळाले तसे उभे केलेत. चौदाव्या शतकाच्या आसपास गावकऱ्यांनी त्यातले बरेच जमिनीत पुरून टाकले, आणि त्या खटाटोपात एक माणूस तिथेच गेला असावा. १९३८ मध्ये दगडाजवळ त्याचा सांगाडा निघाला, सोबत कात्री, एक टोकदार हत्यार आणि नाणी, म्हणून त्या दगडाला न्हावी-वैद्याचा दगड म्हणतात. नंतर अठराव्या शतकात तर लोकांनी दगडांखाली जाळ करून, वर पाणी ओतून ते फोडले आणि घरं बांधली. गावातल्या जुन्या भिंती बघताना तेच दगड बघतोय आपण. १९३० च्या दशकात मार्मलेडच्या धंद्यात पैसा असलेल्या अलेक्झांडर कीलर यांनी जागा विकत घेऊन पुरलेले दगड परत उभे केले. मार्मलेडच्या पैशातून! नाश्त्याला हॉटेलात त्या छोट्या डब्या देतात तेव्हा ही गोष्ट सांगायला हरकत नाही.

मावशीला मी पुढे एकदा, टूरशिवाय आली तेव्हा, एव्हबरीला नेलं. दुपारभर बसली. दगडाला पाठ लावून लाडू खाल्ला, मेंढ्यांशी बोलली आणि स्वतःहून म्हणाली की त्या दुसऱ्या ठिकाणी परत जाऊया, तेव्हा नीट बघितलं नव्हतं. ही तीच मावशी बरं का. माणूस बदलला नव्हता, वेळ बदलला होता.

तुमच्याच एका ग्रुपमधल्या नागपूरकडच्या काकू शटलच्या लाइनमध्ये मला म्हणाल्या होत्या, ‘आमच्याकडे काटोल रोडला असे दगडाचे गोल हायेत की, पण ते बघायला कोणी जात नाही.’ अगदी खरं. नागपूरजवळचं जुनापाणी, तिथे तीनशेच्या आसपास दगडी वर्तुळं आहेत, रिव्हेट-कारनॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांच्याबद्दल लिहून ठेवलंय, १९६१-६२ मध्ये पुरातत्त्व खात्याने तिथे उत्खनन केलं, लोखंडी हत्यारं, कुऱ्हाडी, काळी-तांबडी मडकी निघाली. काही दगडांवर वाटीसारखे कोरलेले खळगेही आहेत. स्टोनहेंजशी त्यांचा संबंध नाही हे स्पष्ट सांगा, नाहीतर त्याचाही फॉरवर्ड तयार होईल. ती दफनाची वर्तुळं आहेत, लोहयुगातली, स्टोनहेंजच्या मोठ्या दगडांपेक्षा दीडेक हजार वर्षांनी किंवा त्याहून अलीकडची, आणि तिथे उंच खांब नाहीत, जमिनीवर गोल मांडलेले धोंडे आहेत. पण तुमचे विदर्भातले बुकिंग एजंट असतीलच, त्या ग्रुपच्या प्री-टूर मीटिंगला एखादी सकाळ तिकडे नेलीत तर खर्च एका मिनीबसचा. तो ग्रुप इथे आला की प्रश्न विचारणारा असेल, आणि तुमच्या पोराला उत्तरं देता यावी म्हणून तर मी एवढं लिहिलं.

एक शेवटचं, कारण पैशांशिवाय तुम्हाला पटणार नाही. १९१५ साली ही आख्खी जागा सॉल्सबरीला लिलावात निघाली होती, इथल्याच सेसिल चब नावाच्या वकिलाने ती ६,६०० पौंडांना घेतली आणि तीन वर्षांनी देशाला देऊन टाकली. एक अट अशी घातली की तिकीट एक शिलिंगच्या वर असू नये. आज तुम्ही माणशी किती भरता ते तुम्हाला माहीत आहे. एवढे पैसे भरून वीस मिनिटं वापरायची हा धंद्याच्या दृष्टीनेही येडेपणा आहे. त्यापेक्षा स्वस्त टूरमध्ये स्टोनहेंज काढून सरळ एव्हबरी ठेवा, तिकिटाचे पैसे वाचतील, त्यात सगळ्यांना चहा आणि स्कोन द्या, आणि महाग टूरमध्ये दोन्ही ठेवून पूर्ण दिवस द्या. कोच लावायची सोय एव्हबरीला आधी फोन करून विचारा, आयत्या वेळी जाऊन ड्रायव्हरशी भांडू नका.

कळावे,

आपली,
विल्टशायरमधली, डबा घेऊन येणारी भाची

ता.क. : दगडांपाशी टॉयलेट नाही, जे काय ते व्हिजिटर सेंटरलाच. हे शटलमध्ये बसायच्या आधी सांगा, नंतर नको. आणि पत्रकात ‘हलका स्वेटर’ लिहिता ते खोडून ‘कानटोपी आणि वारा अडवणारं जॅकेट, मे महिन्यातसुद्धा’ असं लिहा.